भूतान करून आल्यावर सुचलेलं शहाणपण: पुन्हा जायचं झालं तर कसं जाईन

आमच्या भूतान ट्रिपमध्ये सगळ्यात मोठी चूक झाली ती ४२०० रुपये वाचवायला गेल्यामुळे. म्हणून हा हिशोब आधी सांगते, बाकीची बॅग भरण्याची वगैरे माहिती नंतर, ती थोडीफार कुठेही मिळते.

भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही, परमिट लागतं, आणि त्याच्याबरोबर एसडीएफ (सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी) म्हणून एक फी भरावी लागते. भारतीयांना माणशी रात्रीचे १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहान असेल तर काही नाही. (युरोप-अमेरिकेवाल्यांना हीच फी रात्रीला १०० डॉलर आहे, म्हणजे आपण स्वस्तात सुटतो.) आम्ही तीन मोठे, मी, नवरा आणि सासूबाई, आणि दहा वर्षांची लेक. म्हणजे एका रात्रीचे ४२००. आता हॉटेलच्या वर हे ४२०० म्हटल्यावर मराठी डोकं काय करतं तर रात्री कापायला लागतं. नऊचा प्लॅन सातवर आणला, पुनाखा दोनची एक रात्र, फोबजिखा दोनची एक रात्र, "काय आहे तिथे, दरी तर आहे, बघून निघू". आम्ही १० नोव्हेंबरला सकाळी फोबजिखाहून निघालो आणि ११ नोव्हेंबरला तिथे गांगते गोम्पाच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाच्या, अंगणात क्रौंच महोत्सव होता, जो दरवर्षी त्याच तारखेला असतो आणि जो मला माहीत होता. माहीत असून! ११ ला आम्ही पारोला डोंगर चढत होतो आणि गाईड त्याच्या मोबाईलवर शाळेतली पोरं करकोच्यासारखे पंख लावून नाचतायत ते व्हिडिओ दाखवत होता.

तर पहिली गोष्ट, रात्री कापू नका, ठिकाणं कापा. सात रात्री असतील तर फोबजिखा किंवा पुनाखा यातलं एक पूर्ण सोडा, पण अर्धं अर्धं करू नका. माझा आताचा आदर्श प्लॅन थिंफू २, पुनाखा २, फोबजिखा २, पारो ३, नऊ रात्री. तेवढी सुट्टी नसेल तर थिंफू २, पुनाखा २, पारो ३. वाचवायचंच असेल तर हॉटेलात वाचवा, थ्री स्टारच्या जागी साधं घ्या, खोल्या तिकडे बहुतेक स्वच्छ असतात.

कागदपत्रं, आणि सासूबाईंचं कपाट

आधार कार्ड चालत नाही. हे मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. भारतीयांना भूतानमध्ये जायला एकतर पासपोर्ट, तो पण अजून किमान सहा महिने चालू असलेला, नाहीतर मतदार ओळखपत्र. अठराच्या खालच्या मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, इंग्रजीतला, आणि सोबत आईवडील.

आम्हाला वाटलं सगळ्यांचे पासपोर्ट आहेत, झालं. निघायच्या आठ दिवस आधी परमिटचा ऑनलाईन फॉर्म भरायला बसलो तर सासूबाईंच्या पासपोर्टला चार महिने राहिलेले. मतदार कार्ड? सांगलीला, लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, आणि कपाटाची किल्ली पुण्यात आमच्याकडे. मग किल्ली सांगलीला आणि कार्ड पुण्याला, दोन्ही एसटीने, ओळखीच्या माणसाबरोबर, दिवाळीच्या गर्दीत. कार्ड भाऊबीजेच्या दिवशी हातात आलं. सासूबाई एकदम शांत, "मिळालं ना शेवटी?" म्हणाल्या आणि परत करंज्या भरायला गेल्या.

तर तिकीट काढायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट उघडून तारखा बघा, आणि मतदार कार्डावरचं नाव आणि हॉटेल-विमानाच्या बुकिंगवरचं नाव सारखंय ना ते पण बघा, कारण आपल्याकडे बायकांच्या कार्डावर माहेरचं एक आणि बँकेत सासरचं एक असा गोंधळ असतोच. परमिट ऑनलाईन काढून निघा. सीमेवर जाऊन पण काढता येतं पण तिथे रांग, सुट्टी, सर्व्हर काहीही आडवं येऊ शकतं आणि ११ नोव्हेंबर ही तिकडे चौथ्या राजांच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी असते, असल्या तारखा आपल्या कॅलेंडरवर नसतात. फीचे आणि गाईडचे नियम मधूनमधून बदलतात, बुकिंगच्या आधी त्यांच्या सरकारी साईटवर ताजं काय आहे ते बघाच, माझ्यावर विसंबू नका. आम्हाला तरी सांगितलं की थिंफू-पारोच्या पुढे जायचं तर गाईड पाहिजे, म्हणून घेतला, आणि घेतला ते बरंच झालं.

रस्त्याने जा, विमानाने या

पारोला थेट विमानाने उतरता येतं, दिल्ली, कोलकाता वगैरेहून. दोनच कंपन्या आहेत, दोन्ही भूतानच्याच, त्यामुळे तिकीट महाग. पारोचं विमानतळ २२०० मीटरच्या वर, दोन्हीकडून डोंगर, पायलट डोळ्याने बघून विमान उतरवतात म्हणून फक्त दिवसाउजेडी उड्डाणं, हवा बिघडली की रद्द. त्यामुळे पारोनंतर त्याच दिवशी दुसरं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर तास ठेवा, आणि शक्यतो एक रात्र दिल्लीत काढायची तयारी.

आम्ही जाताना रस्त्याने गेलो आणि येताना विमानाने, आणि हा एकच निर्णय आमचा शंभर टक्के बरोबर होता. पुणे-दिल्ली-बागडोगरा, तिथून टॅक्सीने चारेक तास चहाचे मळे बघत जयगांव. जयगांव म्हणजे आपल्याकडचं कुठलंही बॉर्डरचं गाव, हॉर्न, ट्रक, धूळ, पानाच्या पिंका, एसटी स्टँडसारखा कल्ला. रात्री तिथेच राहिलो. आणि सकाळी गेटमधून पलीकडे गेलं की फुनशोलिंग, आणि हॉर्न बंद. म्हणजे खरंच बंद, कोणीतरी आवाज म्यूट केल्यासारखा. झेब्रा क्रॉसिंगवर आपण नुसते उभे राहिलो तर गाडी थांबते, माझ्या लेकीने हे तीनदा करून बघितलं, चौथ्यांदा मी दटावलं. विमानाने थेट पारोला उतरलात तर हा फरक कळतच नाही.

दुसरं कारण उंचीचं. फुनशोलिंग जेमतेम ३०० मीटर, थिंफू २३०० च्या पुढे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सातेकशे मीटर वर. रस्ता साधारण १५० किलोमीटर, पाच-सहा तास, सगळी वळणं. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी गाडीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची, वळणं सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही. नवऱ्याने घेतली नाही, "मी वरंधा घाट चालवलाय" म्हणाला. गेदूच्या धुक्यात गाडी तीनदा थांबली. यावर मी जास्त लिहीत नाही, घरात शांतता पाहिजे.

वाटेत रस्त्यावर दंतक असं लिहिलेल्या पाट्या दिसत राहतात. हा आपल्या बॉर्डर रोड्सचा प्रकल्प, १९६१ पासून तिकडे आहे. त्याआधी रस्ताच नव्हता, १९५८ साली नेहरू भूतानला गेले ते सिक्कीममधून नथू ला ओलांडून, घोड्या-याकवर बसून. हे गाडीत सांगितल्यावर लेक म्हणाली मग बाबाला उलटी झाली नसती.

पैसे, वेळ, फोन: हे पटापट

त्यांचं चलन नुल्त्रुम, रुपयाला रुपया. आपल्या नोटा चालतात, पण शंभराच्या आणि त्याखालच्या जास्त घेऊन जा. यूपीआय २०२१ मध्ये तिकडे सुरू झालंय खरं, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आमच्या दोन फोनपैकी एकावर चाललं एकावर नाही. उरलेले नुल्त्रुम तिकडेच संपवा, जयगांवात घेतात, पुण्यात तो कागद आहे. सिम कार्ड फुनशोलिंगमध्येच घ्या. घड्याळ अर्धा तास पुढे, आणि नोव्हेंबरमध्ये सव्वापाच-साडेपाचला अंधार पडतो, हे अंधाराचं मात्र प्लॅन करताना डोक्यात ठेवा, "संध्याकाळी बघू" असं काही नसतं, दुपारी तीनच्या पुढे नवीन ठिकाण सुरूच करायचं नाही.

थिंफूत काय करायचं, म्हणजे काय नाही करायचं

थिंफूत सिग्नल नाहीत, चौकात रंगीत छोट्या चौकीत पोलीस उभा राहून हातवारे करतो, सगळे त्याचा फोटो काढतात, आम्हीही काढला. डोंगरावरचा बुद्ध दोरदेन्मा ५१ मीटरच्या वर उंच आहे, बघायचाच, पण अकराच्या आत, नंतर सगळ्या गाड्या तिथेच. ताशीछो झोंग वर्किंग डेला पर्यटकांना ऑफिस सुटल्यावर संध्याकाळीच उघडतो, कारण अर्धा झोंग सरकारी कचेरी आहे आणि अर्धा मठ. सगळ्या झोंगांचं असंच, म्हणजे कलेक्टर ऑफिस आणि देऊळ एका वाड्यात असावं तसं. त्यामुळे कपड्यांचे नियम कडक, पूर्ण बाह्या, पूर्ण पाय, टोपी नाही, चपला नाहीत, बूट. बायकांनी पंजाबी ड्रेस घाला, विषयच संपला.

पण थिंफूतली माझी खरी आठवण ठरलेल्या यादीतली नाही. मेमोरियल छोर्तेन म्हणून एक स्तूप आहे, तिसऱ्या राजाच्या स्मरणार्थ १९७४ साली बांधलेला. गाईड म्हणाला वीस मिनिटं पुरेत. सकाळी सातला गेलो. थंडी मरणाची, आणि तरी शे-दोनशे म्हातारी माणसं छोर्तेनभोवती फेऱ्या मारतायत, हातात माळ, तोंडात ॐ मणि पद्मे हुं, काही जण मोठ्या प्रार्थनाचक्रांपाशी बसून दोरी ओढतायत आणि गप्पा मारतायत. सासूबाईंनी पर्समधून आपली जपमाळ काढली आणि लागल्या चालायला. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, देव उजव्या हाताला. एका आजीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आजीबाईंकडे, माळा एकमेकींना दाखवल्या, दोन्ही १०८ मण्यांच्या. मग दोघी शेजारी शेजारी. भाषा शून्य. आम्ही बाकावर बसून वाट बघतोय, वीस मिनिटांचा तास झाला, सासूबाईंचे एकवीस फेरे पूर्ण झाल्याशिवाय त्या थांबणार नव्हत्या. शेवटी आजीबाईंनी झग्याच्या घडीतून, म्हणजे त्यांची किरा, एक छुगो काढून दिला. छुगो म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज, दगडासारखं, तोंडात धरून तासभर चघळायचं. सासूबाईंनी बदल्यात चिवड्याची पुडी दिली.

म्हणून माझा सल्ला, थिंफूतल्या दोनपैकी एक सकाळ पूर्ण छोर्तेनला द्या, आणि टाकीन (तिकडचा राष्ट्रीय प्राणी) बघायला, पोस्टात आपल्या फोटोचं तिकीट छापून घ्यायला वगैरे वेळ उरला तर जा. (पोस्टाचं तिकीट मुलांना आवडतं, आजोबांना पत्र टाका, पोचतं.)

जेवण

एमा दात्शी. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. मिरची घातलेली भाजी असं समजू नका, मिरचीचीच भाजी आहे, आपण भेंडी घेतो तशी वाटीभर मिरची. आम्हाला वाटलं आपण खर्डा खाणारी माणसं, काय होणारे. पहिल्या घासाला काही नाही, चीज गोड लागतं, तिसऱ्या घासाला कान गरम. पण लाल भाताबरोबर सवय लागते, आणि परत आल्यावर मी पुण्यात अमूलच्या चीजने करून बघितली, नाही जमली. मुलांना केवा दात्शी द्या, बटाट्याची, तिखट कमी सांगून. मशरूमची शामू दात्शी सगळ्यात छान. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, फक्त "नो मीट, नो एग" दोन्ही वेगळं सांगा, आणि भाजीत सुकं मांस तर नाही ना तेही विचारून घ्या. सुजा म्हणजे लोणी-मिठाचा चहा, तो चहा समजून प्यायलात तर फसाल, सूप समजून प्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. सासूबाईंनी गाडी थांबवून बघितल्या, आपल्या वाळवणासारख्याच, आणि म्हणाल्या पत्र्यावर टाकल्यात, खाली कापड पाहिजे होतं.

फराळाचा डबा न्या. आम्ही दिवाळीनंतर गेलो म्हणून आपसूक होता. ड्रायव्हरदादांना चकली इतकी आवडली की पाचव्या दिवसापासून तेच विचारायला लागले.

पुनाखा

थिंफूहून पुनाखाला जाताना ३१०० मीटरवर दोचूला खिंड लागते. तिथे एका टेकाडावर १०८ छोर्तेन आहेत, डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने दक्षिणेकडच्या जंगलात तळ ठोकून बसलेल्या, आपल्या आसामातल्या बंडखोरांना हुसकावलं त्या मोहिमेत गेलेल्यांच्या आठवणीत राणीसाहेबांनी बांधलेले. सकाळी आठ-नऊच्या आत पोचलात आणि आकाश मोकळं असेल तर समोर पूर्ण हिमालयाची रांग, दहानंतर ढग. आम्ही हॉटेलचा नाश्ता "पैसे भरलेत" म्हणून सावकाश खाल्ला आणि वर जाऊन ढग बघितले. नाश्ता पॅक करून मागा, देतात.

खिंड उतरली की हवाच बदलते. पुनाखा १२०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वरपेक्षा थोडं खालीच, भाताची खाचरं, संत्री, केळी, स्वेटर काढा. पुनाखा झोंग १६३७ साली झाबद्रुंग नगवांग नामग्याल यांनी बांधायला घेतला, भूतान एक देश म्हणून ज्यांनी बांधला तेच हे, म्हणजे त्यांचे शिवाजी महाराज म्हणा, आणि काळही जवळपास तोच. फो छू आणि मो छू, म्हणजे नर नदी आणि मादी नदी, यांच्या संगमावर हा झोंग उभा आहे आणि लाकडी पुलावरून आत जायचं. १९५५ पर्यंत राजधानी इथेच होती. आतल्या पायऱ्या उभ्या शिडीसारख्या आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश. इथे गाईडला घाई करू देऊ नका. आम्हाला पाऊण तास मिळाला कारण पुढे चिमी ल्हाखांग करायचं होतं, एकच रात्र ना.

चिमी ल्हाखांगबद्दल एक कौटुंबिक सूचना. हे द्रुक्पा कुनले नावाच्या अवलिया साधूचं देऊळ, मूल व्हावं म्हणून लोक येतात, आणि त्यामुळे देवळाकडे जाणाऱ्या गावात घराघराच्या भिंतींवर भलीमोठी लिंगं रंगवलेली आहेत, डोळे-बिळे, रिबीन बांधलेली, दुकानात लाकडाची चावीच्या गोंड्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं. नवरा आईच्या आणि मुलीच्या मध्ये चालत तिकडे डोंगर बघ, इकडे शेत बघ करत होता. सासूबाई सगळं नीट बघत शेवटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "अरे आपल्याकडे शंकराच्या देवळात काय असतं मग? त्यांनी रंगवलंय एवढंच." लेकीने की-चेन मागितली. नाही घेतली.

फोबजिखा, जिथे मी दोन रात्री राहायला हवं होतं

२९०० मीटरवरची बशीसारखी दरी, मध्ये पाणथळ, कडेने बटाट्याची शेतं. ऑक्टोबरच्या शेवटी तिबेटमधून काळ्या मानेचे क्रौंच इथे येतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. त्यांना तारा लागू नयेत म्हणून दरीत वीज जमिनीखालून आणलीये. लोक सांगतात की पक्षी येताना आणि जाताना गांगते गोम्पाला तीन फेऱ्या मारतात.

आम्ही दुपारी चारला पोचलो, अंधार पाचनंतर. व्हिजिटर सेंटरच्या दुर्बिणीतून लांबवर राखाडी ठिपके दिसले, लेक म्हणाली हे बगळे आहेत. खोलीत बुखारी होती, म्हणजे लाकडाची लोखंडी शेगडी, तिच्याभोवती चौघं बसलो, बाहेर शून्याच्या खाली. पहाटे सहाला मी एकटी उठून बाहेर आले, गवतावर पांढरं दहिवर, आणि दरीतून तो आवाज आला. कर्कश आणि मोठा, आणि एकाच्या मागे दुसरा, मग पंधरा-वीस पक्षी धुक्यातून वर आले, इतके जवळून की पंख ऐकू आले. मी फोन आणायला आत धावले, बाहेर येईपर्यंत गेले होते. साडेसातला आम्हाला निघायचं होतं, पारो सहा तास. गोम्पापासून दरीत उतरणारी एक सोपी पायवाट आहे, दीड-दोन तासांची, ती राहिली. ४२०० रुपये वाचले. त्याच आठवड्यात मी पारोच्या दुकानात एका हातमागाच्या स्टोलला त्याहून जास्त दिले, म्हणजे बघा.

इथे येताना उलनचे मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी, तीन गोष्टी विसरू नका. पहिल्या रात्री इथे येऊ नका, थिंफूत दोन रात्री काढून मग या, उंचीने डोकं धरतं.

तक्तसांग, ज्याच्यासाठी सगळे जातात

पारोचा वाघिणीचा मठ. गुरू पद्मसंभव आठव्या शतकात वाघिणीच्या पाठीवर बसून इथल्या गुहेत आले अशी श्रद्धा. कड्याला चिकटवलेली देवळं १६९२ मध्ये बांधली, १९९८ साली आगीत जळली, आणि २००५ पर्यंत परत तशीच उभी केली. उंची ३१२० मीटर, पायथा साधारण २६००. म्हणजे चढ पाचशे-सव्वापाचशे मीटरचा, सिंहगड चढणाऱ्याला आकड्यात काहीच नाही, पण सिंहगडावर हवा असते. इथे पन्नास पावलांवर तोंड उघडं पडतं.

तर कसं करायचं. एक, पारोत आल्या आल्या दुसऱ्या दिवशी करू नका जर आदल्या दिवशी सहा तास गाडीत घालवले असतील. आम्ही नेमकं तेच केलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमान, त्यामुळे विमानतळावर आम्ही तिघंही जिन्याला धरून आडवे उतरत होतो. पारोच्या तीन रात्रींतल्या मधल्या दिवशी चढा. दोन, सात-साडेसातला चालायला लागा, कारण वर दुपारी जेवणाच्या वेळात दारं बंद असतात आणि तुम्ही नेमके तेव्हाच पोचाल. तिकीट वेगळं असतं, गाईडला आधीच काढून ठेवायला सांगा. तीन, खाली काठी भाड्याने मिळते, घ्या, लाजू नका, उतरताना तिचे उपकार कळतात.

चार, ज्येष्ठांचं. अर्ध्या वाटेवर कॅफेटेरिया आहे आणि तिथपर्यंत घोडे जातात. त्याच्या पुढे घोडा नाही, आणि खाली येताना घोड्यावर बसवत नाहीत, चालतच उतरायचं. सासूबाई घोड्यावर बसून गेल्या, नऊवारीच्या नव्हे, सलवारीच्या ऐटीत, आणि ठरलं होतं की त्या कॅफेटेरियात बसतील, समोर मठ दिसतोच. तिथे गरम चहा-बिस्किटं मिळतात, जागा छान आहे, ज्यांना पुढे झेपणार नाही त्यांनी इथे थांबण्यात काहीही कमीपणा नाही. आम्ही तिघं पुढे निघालो. अजून तासभर चढ, मग मठाच्या अगदी समोर येता, हात लांब केला तर लागेल असं वाटतं, आणि तिथेच खरी मजा, कारण मध्ये दरी आहे. सातेकशे पायऱ्या आधी खाली, धबधब्याजवळच्या पुलावरून पलीकडे, आणि मग परत वर. याच्यावर सगळे "अरे देवा" म्हणतात, कुठल्याही भाषेत.

दारात बॅग, फोन, कॅमेरा सगळं जमा. बूट काढायचे, म्हणून जाड मोजे, फरशी बर्फ असते. आत फोटो नाहीतच. आमच्याकडे एकही फोटो नाही आणि तरी, किंवा कदाचित म्हणूनच, मला आतलं सगळ्यात स्पष्ट आठवतंय. तुपाच्या दिव्यांचा वास, एका भिक्खूने ओंजळीत ओतलेलं केशराचं पाणी, ते थोडं प्यायचं आणि उरलेलं डोक्याला लावायचं, आपल्या तीर्थासारखं. भिंतीवर बोधिसत्त्व, हातात कमळ. लेक म्हणाली "हा अजिंठ्यातला ना?" मागच्या वर्षी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बघितला होता तो तिच्या लक्षात होता, आणि ॐ मणि पद्मे हुं हा मंत्र त्याचाच, अवलोकितेश्वराचा. गाईडला अजिंठा माहीत होतं, कधी जाता येईल का विचारत होता. मुलं असतील तर भूतानच्या आधी अजिंठा किंवा निदान कार्ले दाखवून आणा, तिकडे सगळं अनोळखी वाटत नाही. आणि रोज रात्री दहा ओळी लिहा, देवळांच्या आत फोटो काढू देत नाहीत त्यामुळे नंतर सगळी देवळं एकमेकांत मिसळतात, माझी तीन मिसळलीत.

बाहेर येऊन परत पायऱ्या उतरत होतो, पुलापर्यंत आलो, तर समोरून सासूबाई. काठी टेकत, गाईडच्या ओळखीच्या एका मुलाबरोबर, एकेक पायरी. कॅफेटेरियात कंटाळा आला म्हणाल्या. नवरा ओरडलाच, अगं आई हे काय. त्या म्हणाल्या, ओरडू नकोस, वर हवा कमी आहे. आम्ही परत वर गेलो त्यांच्याबरोबर, दुसऱ्यांदा. ६८ वर्षांच्या आहेत, सांगून ठेवते, आणि तरीही हे तुमच्या घरच्यांना सुचवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आलो ते असे

पारोहून दिल्लीला येताना विमानात उजवी खिडकी मागा. जाताना डावी. कांचनजुंगा, एव्हरेस्ट, सगळं त्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूचे लोक माना वाकड्या करून बघतात. आम्हाला तीन उजव्या आणि एक डावी मिळाली, डावी नवऱ्याला दिली, झोपायचंच होतं त्याला.

छुगो अजून आमच्या मिसळणाच्या डब्यात आहे, कोणी खाल्ला नाही. आणि मागच्या महिन्यात सासूबाईंनी पासपोर्ट रिन्यू करायला टाकला. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आला तेव्हा त्याने विचारलं, आजी, आता कुठे? तर म्हणाल्या, ११ नोव्हेंबरला एका ठिकाणी पोचायचंय, मागच्या वेळी सुनेच्या हिशोबात राहिलं.